दारातली नदी

आमच्या एका मित्राचा मुलगा सहावीत आहे. संध्याकाळी मकतबला जातो. तिथे हाफिजसाहेबांनी मुलांना नदीची हदीस शिकवली. आपण सगळ्यांनीच ती लहानपणी ऐकलेली आहे, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. एखाद्याच्या दारातून नदी वाहत असेल आणि तो दिवसातून पाच वेळा तिच्यात आंघोळ करत असेल, तर त्याच्या अंगावर मळ कसा राहील? पाच वेळच्या नमाजांचंही तसंच. पोराने सगळं नीट ऐकून घेतलं आणि हात वर करून विचारलं, "पण हाफिजजी, पाच वेळा नदीत उतरलं तर माणूस आणखी घाण होईल ना?"

हाफिजसाहेब हसले म्हणे. मित्राने ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगितली तेव्हा आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र कऱ्हेचा पूल लागला आणि हसू जरा कमी झालं. मुलाचं काय चुकलं होतं? त्याने जन्मापासून बारामतीची नदी पाहिली ती पुलावरून आणि रिक्षातून. नदी म्हणजे जिच्यात पडलेला चेंडू परत आणायचा नसतो ती, एवढीच त्याची ओळख. हदीसमधली उपमा कळायला आधी नदी माहीत असावी लागते.

त्यातूनच ठरलं की एक दिवस पोराला घेऊन नदीकाठाने चालायचं. जानेवारीतला रविवार धरला. आम्ही पाच जण. मुलाचा बाप, त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आमचे मास्तर. टायरचं दुकान चालवणारा एक जण, तो पोरवयात चार वर्षं मदरशात होता म्हणून आम्ही त्याला आजवर मौलाना म्हणतो. इंदापूर तालुक्यात चार एकर ऊस असलेला एक वर्गमित्र, त्याला चिडवायला बागायतदार. आणि मी, बँकेतून निवृत्त झालेला, गुडघ्याची तक्रार असलेला.

बायकांनी डबे दिले. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सुका खिमा, उकडलेली अंडी. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाने आपापल्या घेतल्या. ही गोष्ट पुढे येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

पहाटे फजर झाल्यावर निघालो आणि सोनगावला संगमावर उतरलो. कऱ्हा इथे नीरेला मिळते. काठावर सोनेश्वराचं मंदिर आहे. थंडी चांगलीच होती, पाण्यावर धुकं अंथरल्यासारखं पडलेलं, त्यातून एक राखी बगळा उठला आणि समोरच्या काठाला, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, जाऊन बसला. नीरा ही इथे पुणे जिल्ह्याची शीव आहे. बारामतीच्या समोर फलटण, पुढे इंदापूरच्या समोर माळशिरस. मास्तरांना शाळा सुटली तरी सवय सुटलेली नाही. त्यांनी पोराला उभं करून सांगितलं: कऱ्हा पुरंदरच्या डोंगरात उगवते, सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीत येते. अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' असं नाव दिलं ते हिच्यावरून, आणि मोरोपंत आपल्या गावात हिच्याच काठी राहिले. नीरा भोरच्या सह्याद्रीतून येते आणि इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, नीरा नरसिंहपूरला, भीमेत जाते.

"आणि भीमा?" पोराने विचारलं.

"ती पुढे पंढरपूरला. तिथे तिला चंद्रभागा म्हणतात."

नीरेच्या डाव्या काठाने आम्ही जांब-कुरवलीच्या दिशेने निघालो. वाट अशी नाहीच. ऊस थेट काठाला भिडलेला, मध्ये वेडी बाभूळ, आणि दर पन्नास पावलांवर नदीतून वर येणारा एक पाइप. मोटार वाइंडिंगवाल्याचा जीव तिथेच रमला. "ही साडेसातची. ही दहाची. हिचा फूटव्हॉल्व्ह गळतोय, ऐक." तो नदी बघतच नव्हता, मोटारी बघत होता. बागायतदार म्हणाला, "हसू नका, याच मोटारींवर चार पोरींची लग्नं झाली आमच्या घरात."

बारामती-इंदापूरच्या माणसाला पाणी म्हटलं की नदी आठवत नाही, कालवा आठवतो. माझंही तसंच आहे. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला, त्या काळात इंग्रज सरकारने नीरा डाव्या कालव्याचं काम काढलं आणि १८८५ च्या सुमारास त्यात पाणी सुटलं. भोरजवळचं भाटघरचं आजचं मोठं धरण १९२० च्या दशकातलं, वीर धरण स्वातंत्र्यानंतरचं. वीरपासून डावा कालवा पुरंदर, बारामती, इंदापूरला येतो आणि उजवा पलीकडे फलटण, माळशिरसकडे जातो. ज्या मुलखात ज्वारी-बाजरीसुद्धा पावसाच्या मर्जीवर होती तिथे ऊस उभा राहिला, कारखाने आले, आमच्यासारख्या दुकानदारांची, नोकरदारांची पोटं भरली. कालव्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण चालता चालता एक गोष्ट दिसली, ती कालव्याच्या भरावावरून कधी दिसली नव्हती. स्वच्छ पाणी वरच्या वर कालव्यात जातं. नदीच्या पात्रात येतं ते पाणी बरंचसं वापरून झालेलं असतं. गावांचं सांडपाणी, शेतातून खतं धुऊन आलेलं पाणी, कारखानदारीचं पाणी. दोन्ही नीरेचंच. एकीला आपण कालवा म्हणून जपतो, दुसरीला नदी म्हणून सोडून देतो.

त्यात कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरला की बंधाऱ्याला ढापे टाकतात आणि पाणी अडवतात. शेतीला ते लागतंच. पण त्यामुळे हिवाळ्यात नदी वाहत नाही, ती एकापुढे एक तळी होऊन थांबते. वाहत्या पाण्यातली घाण पुढे जाते आणि हळूहळू विरते. थांबलेल्या पाण्यातली जागेवर राहते. दहाच्या सुमाराला धुकं उठलं तेव्हा पाणी पहिल्यांदा नीट दिसलं. काळपट तपकिरी, कडेला फेस, आत जलपर्णीचा हिरवा गालिचा. काठाला मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. वास कसला ते सांगता येत नाही. थोडा मळीसारखा गोडसर, थोडा गटारीसारखा.

तरी पाखरं होती. शेकाट्या लांब लाल पायांवर तोल सांभाळत चालत होत्या, खंड्या तारेवर बसला होता, पाणकावळे पंख वाळवत होते. पोराने मोबाइलवर सगळ्यांचे फोटो काढले. त्याला काठ आवडला होता, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. चिखलात बूट रुतले, बाभळीचा काटा लागला, तरी एकदाही "घरी कधी जायचं" म्हणाला नाही.

इंदापूर तालुक्याच्या हद्दीत शिरल्यावर उसाच्या मोकळ्या झालेल्या रानात ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागल्या. बीडकडची माणसं. पुरुष आणि बऱ्याच बाया तोडीला गेल्या होत्या. एक बाई मागे राहिलेली, कडेवर लहान मूल, ती नदीवर कपडे धूत होती. बागायतदाराने विचारलं, "ताई, ह्या पाण्यात?"

"दुसरं कुठलं आणणार, दादा? टँकरचं पाणी प्यायला पुरतं. धुण्याला, आंघोळीला हेच."

मुलाच्या हातापायांवर खाजेचे फोड होते. ती आमच्याकडे बघत होती आणि आमच्या प्रत्येकाच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली होती. मास्तरांनी आपली एक बाटली तिला दिली. तिने घेतली, पण अशी घेतली की देणाराच अवघडला. एका बाटलीने काय होणार, हे दोघांनाही माहीत होतं.

पुढे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मला माझी दादीमाँ आठवली. पन्नास वर्षांपूर्वी ती मला कऱ्हेवर न्यायची. नदीला तेव्हाही बारा महिने पाणी नसायचंच. उन्हाळ्यात पात्र कोरडं. पण वाळू होती. दादीमाँ हाताने वाळू उकरून झिरा करायची. पहिलं गढूळ पाणी वाटीने उपसून टाकायचं, दुसरंही टाकायचं, आणि तिसऱ्या खेपेला जे येई ते काचेसारखं. त्यातून हंडा भरायची. असरची वेळ झाली तर तिथेच वुजू करून ओढणी सावरून वाळूवरच नमाज. मी हे पोराला सांगितलं. त्याने लगेच काठावर उकरायला घेतलं. बोटभर गाळ आणि खाली काळी माती. बागायतदार म्हणाला, "वाळू कुठाय आता? सगळी स्लॅबमध्ये गेली. माझ्या बंगल्यातसुद्धा हीच आहे." नदीची गाळणी म्हणजे तिची वाळू. ती उपसून आपण घरं बांधली आणि त्या घरांत पाणी गाळायला मशीन बसवलं. माझ्याही घरात आहे.

जुहरला करंजाच्या सावलीत थांबलो. आधी कोणीतरी गमतीत कस्रचा विषय काढला. मौलानाने निकाल दिला की आपल्या हनफी हिशोबाने सुमारे ७७ किलोमीटरचा प्रवास लागतो, तुम्ही घरापासून हाकेवर आहात, चार रकअत पूर्ण पढा. मग वुजूचा प्रश्न आला. समोर दोनशे फूट रुंद पाणी.

पोराने विचारलं, "यात वुजू होईल का?"

मौलाना उठून पाण्याजवळ गेला. उकिडवा बसला, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, टाकून दिलं. मग मुलाला समजावून सांगू लागला. पाणी वाहतं असलं, किंवा थांबलेलं पण भरपूर असलं, दहा हात लांब दहा हात रुंद हौदापेक्षा मोठं, तर ते सहसा नापाक होत नाही. पण नजासत पडून त्याचा रंग, चव किंवा वास बदलला, तिन्हींपैकी एक जरी, तर ते पाक राहत नाही. झाडाची पानं कुजून किंवा माती मिसळून बदल झाला तर हरकत नाही. इथे रंगही बदललाय, वासही. आता हा बदल कशाने?

"मळी काही नजासत नाही," बागायतदार म्हणाला. "उसाचीच ती."

"मळी नसेल. गटार आहे."

"गटार कुठलं? इथे तर शेतं आहेत."

"वरून येतंय. आपल्या घरातून येतंय." मौलाना म्हणाला, आणि मग त्याने तो विषयच मिटवला. "फतवा देणारा मी कोण? पण ज्या पाण्याने फोड येतात त्याने तोंड धुवा असं मी या लेकराला सांगणार नाही. बाटल्या काढा."

बाटल्या मोजल्या. वाटेत पिऊन आणि एक देऊन आता साडेपाच लिटर उरलं होतं, माणसं सहा, आणि अजून अर्धा दिवस जायचा होता. मौलानाने सांगितलं की प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वुजू करत. मुद म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास. आपल्याला तेवढंही नाही, प्रत्येकी अर्धा लिटर. प्रत्येक अवयव एकेकदा धुतला तरी फर्ज अदा होतो. तर आम्ही अर्ध्या लिटरच्या बाटलीने वुजू केला. एकाने ओतायचं, दुसऱ्याने हात पुढे करायचे. पुरलं. थोडं उरलंसुद्धा. घरी नळ सोडून मी किती पाणी वाहू देतो त्याचा हिशोब त्या वेळी मनात आला, पण त्याहून जास्त टोचली ती दुसरी गोष्ट. वाहत्या नदीवर बसलात तरी वुजूला पाणी उधळू नका, अशी शिकवण आपल्याला आहे. इथे उधळायचा प्रश्नच उरला नव्हता. नदीच्या काठावर बसून आम्ही विकतच्या पाण्याने वुजू करत होतो.

नमाज झाली, डबे उघडले. जवळच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याने आम्हाला बघून हुरड्याचा आग्रह केला. "पाव्हणं, असं कसं, या की." आगटीतला गरम हुरडा आणि लसणाची चटणी. त्याला आम्ही नदीबद्दल विचारलं तर म्हणाला, लहानपणी आम्ही ह्याच डोहात दुपारभर पडून असायचो, आता म्हशीला पण उतरू देत नाही. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आषाढात तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीला येते, तिथे पादुकांना नीरेत स्नान घालतात, ते बघायला तो दरवर्षी जातो. "तुमचं वुजू आन् आमचं स्नान, एकाच पाण्याचं दुखणं," असं म्हणून त्याने आणखी एक कणीस चोळून पोराच्या हातावर दिलं.

तो गेल्यावर बोलणं साहजिकच कारखान्यांवर, नगरपालिकांवर, सरकारवर आलं. सगळे बरोबरच बोलत होते. तक्रारी झाल्या आहेत, पाण्याचे नमुने नेले आहेत, पाणी पुन्हा काळं झालं आहे. मीही चार वाक्यं बोललो. आणि मग, का कोण जाणे, तोंडातून गेलं की गेल्या बकरीदला आमच्या घरचं पोतं कुठे गेलं ते मला माहीत आहे.

हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण लिहितो. कुर्बानीचं गोश्त वाटून झालं. तीन हिस्से नीट केले, गरिबाघरी आधी पोचवलं. ओझडी, आतडी, रक्ताचा चिखल पोत्यात भरला आणि एका पोराला दोनशे रुपये देऊन सांगितलं, "टाकून ये." कुठे, हे विचारलं नाही. रात्री स्कूटरवरून पुलाजवळून जाताना वास आला आणि काठाला तशीच दहा-बारा पोती दिसली. त्यातलं एक आमचं होतं, पोत्यावरचा खताचा छाप मी ओळखला. इबादत केली आणि तिचा कचरा नदीला दिला. लोकांची जाण्यायेण्याची वाट, सावली आणि पाण्याची जागा घाण करणाऱ्याला लोकांचे शाप लागतात, यापासून सांभाळा, अशी अबू दाऊदमध्ये हदीस आहे. ती मला तेव्हाही पाठ होती.

कोणी मला काही म्हणालं नाही. मास्तर फक्त म्हणाले, "आमचंही गेलं असेल. आम्ही पाहिलं नाही इतकंच." मोटार वाइंडिंगवाल्याने सांगितलं की तो जळक्या मोटारीचं तेल गटारीत ओततो, वर्षानुवर्षं. मौलाना गप्प होता, मग म्हणाला की टायरच्या दुकानात असं काही नसतं, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "असतं."

बागायतदार खिशातून तंबाखू काढून परत ठेवत म्हणाला, "रडू नका रे. माझ्या खालच्या वावराच्या बांधाला जेसीबीने खड्डा मारतो. आठ फूट खोल. चुना टाकू, माती ओढू. तुमच्या गल्लीचं सगळं पाठवा टेम्पोने, टेम्पोचं भाडं तुमचं. दोन वर्षांनी त्याच्यावर ऊस लावतो, मग बघा."

भाडं कोणी द्यायचं यावर तिथेच वाद सुरू झाला. गल्लीत तीस-पस्तीस घरं कुर्बानी करतात. मास्तरांनी वहीत नावं लिहायला घेतली. कोण तयार होईल, कोण म्हणेल की दोनशे रुपयांत काम होतंय तर टेम्पो कशाला. माझ्या भावाचंच नाव दुसऱ्या यादीत गेलं. ते माझ्याकडे सोपवलं आहे.

बारा-तेरा किलोमीटर झाले असतील. कुरवलीच्या अलीकडे माझ्या गुडघ्याने हात टेकले आणि आम्ही रस्त्याला लागलो. ऊन उतरलं होतं, उसाच्या ट्रॉल्या ओळीने कारखान्याकडे चालल्या होत्या, मागे बांधलेल्या वाढ्यांच्या मोळ्या रस्त्यावर झाडू मारत होत्या. असरला एका गावातल्या मशिदीत थांबलो. तिथे नळाला पाणी होतं. बोअरचं, थोडं मचूळ, पण स्वच्छ. मगरिबच्या आत जीप मिळाली.

जीपमध्ये पोराने विचारलं, "ही नदी सगळीकडे अशीच आहे का?"

मास्तर म्हणाले, "नाही. वर भोरकडे डोंगरात वेगळी आहे. दगडातून येते, तळ दिसतो."

"तिथे उतरता येतं?"

बापाने माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरांकडे. फेब्रुवारीतला दुसरा रविवार ठरला आहे. जेसीबीवाल्याशीही त्याच आठवड्यात बोलायचं आहे. पोराच्या आईचा निरोप आला की थंडी सरल्याशिवाय पाण्यात उतरू देणार नाही. त्याने टॉवेल मात्र दप्तराशेजारी काढून ठेवला आहे.